केळीच्या गाडीचे हिसके

चार माणसं एका पत्र्याच्या शेडमध्ये कोंडली की किस्से गंजासारखे चढतात. आम्ही तर पाच महिने कोंडलेले! बऱ्हाणपूरजवळच्या पार्कात आज ज्या 'केळीच्या गाडी'साठी रांग लागते, ती तिथेच तयार झाली. खोली जागेवरच, समोर पडदा, पण बसणाऱ्याला वाटतं, आपण बहादरपूरहून केळीच्या ट्रकवर बसून निघालोय. पडदा इंदूरच्या इंजिनीयरचा, हिसके माझे. शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं पावरलूम दुरुस्त करता करता शिकले.

*

पहिल्याच दिवशी इंजिनीयर म्हणाला, "माताजी, सब सॉफ्टवेयर से होगा."

मी म्हटलं, "तुझ्या सॉफ्टवेअरला म्हणावं, एक खड्डा दाखव."

खोली अशी अलगद हलली, की पार्कचे मालक गिरधरभाऊ चक्क घोरायला लागले! मग मी भंगारातल्या लूमचं अंड्यासारखं चाक, म्हणजे कॅम, खोलीखाली बसवलं. पहिल्या फेरीत भाऊंची टोपी पडद्यापाशी!

*

त्या दिवसापासून इंजिनीयर माझ्या कॅमचे फोटो काढू लागला. समोरून, बाजूनं, खाली झोपून. मला काय कळत नाही? मी कॅमवर घोंगडी टाकली.

"माताजी, इसको ठंड लगती है क्या?"

"नाही रे बाबा, नजर लागते."

*

सीटचे पट्टे मजबूत आहेत, बसणाऱ्याला इजा होणार नाही, असं त्याचा कॉम्प्युटर सांगत होता. माझा नाही विश्वास. मी सीटवर केळीचा घड बांधला आणि वीस फेऱ्या मारल्या. दुपारपर्यंत घड काळाठिक्कर!

"रिपोर्ट में तो ओके है," तो म्हणाला.

"रिपोर्ट खा मग. हा घड मी खाणार नाही."

कानस घेऊन कॅमचं नाक, म्हणजे पुढे आलेलं टोक, घासलं. दुसरा घड पिवळाच्या पिवळा उतरला.

*

पडद्यावरच्या फिल्मसाठी कॅमेरा ट्रकवर बांधायला केळी भरणाऱ्या हमालाला सांगितलं. हमाल केळीच्या थप्पीवर नेहमी मागे तोंड करून बसतो, नाहीतर डोळ्यात धूळ जाते. त्यानं कॅमेराही तसाच बांधला! पडद्यावर रस्ता उलटा, आपल्यापासून लांब पळतोय. भाऊंनी कपाळावर हात मारला. पण भाऊंच्या नाती किंचाळल्या, "दादाजी, फिर से!"

संध्याकाळी इंजिनीयर फोनवर कुणाला तरी सांगत होता, "उल्टी सड़क मेरा कॉन्सेप्ट है."

हमालाचं श्रेय गेलं. आता माझी पाळी, हे मी ओळखलं.

*

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दारावर लावलेल्या फलकावरचं फडकं उचलून पाहिलं. 'निर्माता' म्हणून एकच नाव. माझं नव्हे. कॅमची पिन काढली, पदराला बांधली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पाहुणे बसले. इंजिनीयरनं बटण दाबलं. रस्ता पळाला, खोली ढिम्म! तो घामाघूम. मी आपली तिकीट काढून रांगेत. भाऊ धावत आले.

"काकू, काय झालं असेल हो?"

"मला काय ठाऊक? फलकावर नाव आहे त्याला विचारा."

भाऊंनी माझ्या पदराच्या गाठीकडे पाहिलं. मग फलकाकडे. मग ओरडले, "अरे, पेंटरला बोलवा रे कुणी!"