हात बाहेर!

जपानमधल्या हाचिनोहे बंदरावर कुणी बर्फावरून घसरलं, कुणाचा हात जाळ्याच्या दोरात सापडून मोडला, की त्याला नारुमी तोकिको डॉक्टरीणबाईंकडे आणत. पडद्यावर हलता एक्स-रे पाहत बाई मोडलेलं हाड स्वतःच्या बोटांनी दाबून जागेवर बसवायच्या. अंगावर शिशाचा एप्रन असे, हात मात्र उघडे. पेशंटच्या हाडाशेजारी बाईंच्या बोटांची हाडंही पडद्यावर दिसायची. इतक्या वर्षांत त्यात कुणाला वावगं वाटलं नव्हतं.

पुढे नखांवर तपकिरी रेघा उमटल्या, कातडी तडकली. "इथल्या थंडीत कुणाचे हात मऊ राहतात?" म्हणत बाईंनी मलम चोपडलं. पण डाव्या तर्जनीवरची जखम उन्हाळा आला तरी भरेना. तेव्हा त्या सेंदाईला, त्वचेची डॉक्टर असलेल्या जुन्या मैत्रिणीकडे, मोरियाकडे गेल्या.

मोरियाने भिंगातून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "तोकी, हे थंडीचं नाही. किरणांनी भाजलंय."

जखमेचा तुकडा काढून तपासला; कॅन्सरची नुकती सुरुवात होती.

"बोट जाईल?" बाईंचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला.

"आत्ताच तेवढी कातडी काढली तर नाही. पण पुन्हा किरणांत हात घातलास, तर माझ्या दारात येऊ नकोस."

"मग हाड काय डोळ्यांनी धरू?"

"चिमट्याने धर! बाकीच्यांना जमतं, तुलाच काय धाड भरलीय?"

ऑपरेशन झालं, बोटावर लावलेली नवी कातडी धरली. कामावर परतताच बाईंनी नर्स सासामोरीला बजावलं, "माझा हात पडद्यावर दिसला की ओरडायचं. मी चिडले तरी."

"बाई, तुम्ही चिडल्यावर आधी ओरडू की आधी पळू?"

सुरुवातीला दर ऑपरेशनला "हात बाहेर!" ऐकू यायचं. बाई दात-ओठ खायच्या, पण हात काढायच्या. हाड लांब चिमट्याने धरायचं, मागे सरायचं, क्षणभर एक्स-रेचं पेडल दाबून बघायचं, सोडायचं. चिमट्याला बोटांसारखं कळत नव्हतं. बाई घरी कोंबडीच्या हाडांवर सराव करायच्या.

हिवाळ्यात मासळीबाजारातल्या एका आजींचं मनगट मोडलं. बाईंनी ते बसवलं, तारा घातल्या, टाके घातले. खोलीत शांतता.

"आज ओरडली नाहीस?" बाईंनी विचारलं.

"ओरडायला काही दिसलंच नाही, बाई," सासामोरी म्हणाली.

बाईंनी पडद्यावरचं शेवटचं चित्र पाहिलं. आजींचं हाड, दोन तारा, बस्स. त्या कितीतरी वेळ तिथेच हसत उभ्या राहिल्या.