अव्वाची चूल कुठं मांडू?

मी गाव सोडलं त्या सकाळी अव्वा, माझी आई, फाट्यावर वेळेत पोचली नाही. होटगीच्या पुढं आमचं गाव. सोलापूरला जाणारं वडाप सुटायला आलं होतं, माझा नवरा जीपच्या टपावर ट्रंक बांधत होता, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता आणि अव्वा आमच्या शिदोरीची शेवटची भाकरी उतरवून चुलीतली लाकडं बाहेर ओढत बसली होती. "पेटती चूल टाकून उठायचं न्हाय," हा तिचा नियम. लाकडं राखेत घोळवायची, वर पाणी शिंपडायचं, धूर थांबेस्तोवर बघत बसायचं आणि मगच उठायचं. ती ओल्या हातांनी धावत आली तेव्हा आमची जीप वळणावर होती. मला भारी राग आला. एकुलती एक पोरगी शहरात संसार मांडायला चाललीय आणि हिला विस्तवाची पडलीय!

गावात राहिलेल्या बायांनो, तुम्ही हल्ली फोनवर एकच विचारता, "तुजी अव्वा कवा येणार?" आणि माझ्यासारख्या गाव सोडून इथं आलेल्या मैत्रिणींनो, तुम्ही म्हणता, "एवढी झुरतीय, तर पोचव की तिला." सगळ्याजणींना एकदाच सांगून टाकते. अव्वा आता तिच्या घरी येणार नाही. का, ते सांगायचं तर चुलीपासूनच सुरुवात करावी लागेल.

तिला चूल पेटवताना तुम्ही पाहिलंय. प्रत्येक लाकूड आधी जमिनीवर आपटायची, आत विंचू असला तर बाहेर पडावा म्हणून. ओलं लागलं की बाजूला. पदर खोचलेला, रॉकेलचा डबा लांब अंगणात, मागचं दार सताड उघडं. खाली तुराट्यांचा चुरा, वर गोवरीचे तुकडे, त्यावर बाभळीची बारीक लाकडं, तीही सुटी सुटी. मी घाईनं गच्च भरायला गेले की हातावर फटका बसायचा. "त्येलाबी वारं लागतंय की! दाबून मारू नगं." जाळ बसला तर फुंकणी घ्यायची आणि हळू, लांब फुंकायचं. राखेखाली विस्तव असतोच, त्याला फक्त उठवायचं, असं ती म्हणायची. पन्नास वर्षं तिनं हेच केलं आणि आमच्या घरात ठिणगीनं साधं फडकंसुद्धा जळलं नाही.

इथं अक्कलकोट रोडला माझा नवरा टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतो, मी तिथंच टॉवेलांच्या कडा शिवते. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, तिला लागून जेमतेम दोन माणसांचं स्वयंपाकघर आणि ओट्यावर गॅसची शेगडी. सुरुवातीला मी दिवसातून चारदा चहा करायचे, नुसतं बटण फिरवायची हौस. धूर नाही, राख नाही, डोळ्यांतून पाणी नाही. गेल्या वर्षी माझे वडील, आप्पा, वारले, एकट्या पडलेल्या अव्वाचा खोकला वाढला आणि मी त्या घराला कुलूप लावून तिला घेऊन आले. "लई दिस ऱ्हायाची न्हाय मी," असं बजावूनच ती निघाली होती.

एका दुपारी मी जेवायला घरी आले तर जिन्यातच गॅसचा वास. अव्वानं दूध तापायला ठेवलं होतं. ज्योत बारीक होती. जाळ बसलाय असं समजून ती वाकली आणि जन्मभर फुंकलं तसं हळू, लांब फुंकलं. ज्योत विझली. आत विस्तव असणारच, म्हणून ती फुंकत राहिली. दार-खिडकी बंद, कारण शहरात दार लावून बसायचं हे मीच तिला शिकवलं होतं. मी आत शिरले तेव्हा तिच्या हातात काडीपेटी होती. मी ती फटकन उडवली, बटण बंद केलं, खिडकी उघडली आणि ओरडले, "अक्कल हाय का तुला? समद्यांना जाळून मारशील!"

"आत इस्तू हाय की ग," ती म्हणाली. "उठवत हुते."

ज्या बाईनं कधी ठिणगी सांडली नाही तिला मी हे बोलले. त्या दिवसापासून कामावर जाताना रेग्युलेटर बंद करते, वरच्या फळीवर काडीपेटी ठेवते आणि तिच्यासाठी थर्मासात चहा.

ती दिवसभर भिंतीकडं बघत बसू लागली. मला बघवेना. घरमालकाच्या पाया पडून गच्चीवर तीन विटा मांडल्या आणि जळण शोधायला गेले. तेव्हा कळलं, इथं जळणच नाही. कारखान्यामागं होत्या त्या रंगवलेल्या फळ्या, खोक्यांची लाकडं आणि तेलात माखलेलं वाया गेलेलं सूत. अव्वानं एकेक तुकडा हुंगला आणि बाजूला टाकला. "ह्ये जाळायचं न्हाय. इख हाय ह्यात." कोऱ्या लाकडाचे चारच तुकडे तिला पटले. दुसऱ्या मजल्याच्याही वरच्या गच्चीत कुठला विंचू, पण तेही तिनं आपटून घेतले. जाळ धरला तशी ती कितीतरी महिन्यांनी हसली. तीन भाकऱ्या झाल्या. चौथी थापता थापता तिची छाती भरली, ओठ निळे पडले.

दवाखान्यात तीन दिवस तोंडावर मास्क होता. मी डॉक्टरांना सांगत राहिले, लाकूड चांगलं होतं, कोरं होतं. ते म्हणाले, धूर तो धूरच. आता चुलीसमोर बसवलंत तर माझ्याकडं आणू नका.

आता तुम्हीच सांगा. गावात एकटीला चुलीपाशी सोडली तर धूर तिला जिवंत ठेवणार नाही. गॅस दिला तर ती पुन्हा फुंकेल, आणि तिथं हातातली काडीपेटी उडवायला कोण असेल? तुम्हाला तुमची घरं आहेत, मी कुणाला बांधून घालू? "पाऊस सरला की जाऊ," असं मी तिला दोनदा खोटं सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला गेले तर ती कानडीत "साकु" म्हणाली, पुरे झालं. त्यानंतर तिनं गावाचं नाव काढलेलं नाही.

गाव म्हणजे घर, असं मी कैक वर्षं म्हणत आले. आता वाटतं, जिथं कुणाला न विचारता विस्तव पेटवता येतो तेवढंच घर. माझं आहे. अव्वाचं होतं, ते मी कुलूप लावून बंद केलं, आणि दुसरं आता होणार नाही. संध्याकाळी मी भाकरीचं पीठ मळते तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दाराशी येते आणि पाव्हणीसारखी विचारते, "आत येऊ का ग?"

मी म्हणते, "जरा थांब अव्वा, गॅस चालू हाय."

ती थांबते.