वन्संवर वाजलेली शिट्टी

माझ्या थोरल्या नणंदेला मी आयुष्यात एकदाच मैदानाबाहेर काढलं, आणि तेही माझ्या मनात नसताना.

वन्संची ओळख आधी करून देते, म्हणजे मी इतकी का घाबरले होते ते कळेल. वन्सं, म्हणजे कृष्णाबाई, लहान वयात विधवा होऊन माहेरी परतल्या, पुण्याला जाऊन शिकल्या आणि सोलापुरात मुलींच्या शाळेत शिक्षिका झाल्या. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे घरही वन्संच्याच हातात. आवाज असा, की त्यांनी चौथीच्या वर्गात पाढे सुरू केले की भिंतीपलीकडच्या तिसरीतल्या मुली आपोआप म्हणायला लागत! मामंजी त्यांना विचारून फिरायला जात. आमचे हे रेल्वेत कारकून. कचेरीत गोऱ्या साहेबाशी इंग्रजीत बोलायचे, घरात मात्र आपल्या अक्काशी मराठीतसुद्धा बोलायचे नाहीत.

मला लग्नानंतर ट्रेनिंगला पाठवून मास्तरीण केलं तेही वन्संनीच. आळीतल्या बायका "सून हाताबाहेर जाईल हो" म्हणत असताना त्यांनी माझी ट्रंक स्वतः टांग्यात ठेवली होती. म्हणजे भीतीच्या जोडीला उपकारही होते. अशा माणसावर शिट्टी कोण फुंकेल?

तर ट्रेनिंगला असताना आम्हाला बास्केटबॉल नावाचा नवा खेळ शिकवला होता. सोलापुरात तेव्हा तो फारसा कुणाला ठाऊक नव्हता. मी येऊन वन्संना दाखवला, वन्संनी आपल्या शाळेत सुरू केला, ते बघून पलीकडच्या पेठेतल्या शाळेच्या सत्यभामाबाईंनीही सुरू केला, आणि दोन्ही शाळांचा सामना ठरला. पंच कोण? नियम माहीत असलेली मी एकटी. शिवाय मी शिकवायला तिसऱ्याच शाळेत, म्हणजे निःपक्षपाती! (मी जेवते कुठे, हे सामन्याच्या कमिटीत कुणी विचारलं नाही.)

मी ह्यांच्याकडे धाव घेतली.

"मला जमणार नाही म्हणून कळवू का?"

"कळव की. पण तुझं नाव अक्कानंच सुचवलंय."

"मग मी काय करू?"

"ते मी कसं सांगू? मला त्या दिवशी होटगी स्टेशनावर काम आहे."

"काय काम?"

"ते अजून ठरायचंय."

सामन्याच्या दिवशी सकाळी वन्संनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "सुशीला, आज मैदानावर मी तुझी नणंद नाही. समजलं?"

"हो, वन्सं."

"वन्सं म्हणायचं नाही!"

"हो, व... बाई."

"घरची म्हणून सवलत दिली असं कुणी म्हटलेलं मला चालणार नाही." मी जरा सुटकेचा श्वास घेतला. तोच त्या पुढे म्हणाल्या, "आणि माझ्या मुलींवर अन्याय झालेलाही चालणार नाही."

म्हणजे दोन्हीकडून मेले!

मैदानाच्या दोन्ही टोकांना खांब रोवले होते आणि त्यांना बुरडाकडून मुद्दाम करून घेतलेल्या, बूड नसलेल्या टोपल्या बांधल्या होत्या. लुगड्याचा काचा मारलेल्या मुली, भोवती पालक, टेबलाशी मी लिहून दिलेला नियमांचा कागद पुढ्यात घेऊन गुण लिहायला जोगळेकर मास्तर. एका बाजूला सत्यभामाबाई, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या लुगड्यात, छत्री हातात घेऊन वन्सं. मी शिट्टी दातांत धरली. दात वाजत होते म्हणून ती घट्टच धरावी लागली.

खेळ सुरू होतो न होतो तोच वन्संच्या संघाच्या कॅप्टननं, नरसूनं, समोरच्या मुलीला असा धक्का दिला की ती बिचारी थेट धुळीत. नरसू म्हणजे विणकरांच्या घरातली दणकट पोर! मी डोळे मिटून शिट्टी फुंकली. "फाऊल!"

नियम असा होता, की शिकवणाऱ्या बाईंनी मैदानात पाऊल टाकायचं नाही, पंचाशी बोलायचं नाही. तक्रार असेल तर ती कॅप्टननं येऊन सभ्यपणे विचारायची, पंचानं ऐकून घ्यायची, एकदाच थोडक्यात उत्तर द्यायचं आणि खेळ पुढे चालवायचा. कागदावर फार सोपं होतं.

नरसू आली. "पंचबाई, आमच्या बाई इचारतात, फाऊल कसला?"

"धक्का दिलास म्हणून."

ती पळत गेली, पळत आली. "बाई म्हणतात, धक्का नाही, ती आपली आपणच पडली."

"बाईंना सांग, पंचाचा निर्णय झाला."

पुन्हा गेली, पुन्हा आली. "बाई म्हणतात, बरं."

मला हायसं वाटलं. नरसू तिथंच घुटमळली. "आणि म्हणतात, घरी बघू."

"घरी बघू"ला काय उत्तर द्यायचं, हे ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं.

त्यानंतर नरसूनं आणखी एकीला कोपर मारलं तेव्हा माझी नजर नेमकी लिंबावरच्या कावळ्याकडे गेलेली होती. फार सुंदर कावळा होता! सत्यभामाबाईंची कॅप्टन ताडताड आली. "पंचबाई, आमच्या बाई विचारतात, आज रात्री आपलं जेवण कुणाकडे?"

पालकांत हशा पिकला. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. आता वन्संची भीती, सत्यभामाबाईंची भीती आणि वर गावाची भीती! मग मी घाबरून एक निर्णय इकडे, एक तिकडे असे द्यायला लागले. आता दोन्ही संघ तक्रारी घेऊन येऊ लागले.

मध्यंतरात शाळेचा शिपाई मल्लप्पा तांब्या घेऊन आला. "पानी प्या, बाई. लई घाम आलाय की तुमाला."

"ऊन आहे ना."

"ऊन कुटं हाय? मगाधरनं ढग आल्यात."

खेळ संपत आला आणि गुण सारखे! चेंडू रेघेबाहेर गेला. शेवटचा हात कुणाचा लागला हे मला खरोखर दिसलं नव्हतं. मागचा निर्णय वन्संकडे गेला होता, म्हणून मी हा सत्यभामाबाईंच्या मुलींना दिला.

झालं! वन्सं उठल्या. नरसूला त्यांनी हातानं बाजूला केलं, छत्री मिटली आणि सरळ मैदानात शिरल्या. "पंचबाई! हा चेंडू आमचा आहे!"

त्या एकेक पाऊल पुढे, मी एकेक पाऊल मागे. मागे खांब आला. छातीत भरून राहिलेला श्वास एकदम बाहेर पडला, आणि शिट्टी दातांतच होती!

फुर्रर्रर्र!

सगळं मैदान दचकलं. मी स्वतः दचकले. "नाही हो, मी नुसता श्वास सोडला," असं सांगायचं होतं, पण तोंडात शिट्टी होती. म्हणून "थांबा, थांबा" अशा अर्थानं हात वर करायला गेले. तो वर जाण्याऐवजी आडवाच गेला आणि नेमका मैदानाबाहेरची वाट दाखवत राहिला!

जोगळेकर मास्तर टेबलावरून गरजले, "टेक्निकल फाऊल! बाई मैदानात आल्या. विरुद्ध संघाला एक फ्री थ्रो!"

वन्संनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, माझी ट्रंक आता उलट्या दिशेनं टांग्यात चढणार. पण त्या वळल्या आणि बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. समोरच्या मुलीनं चेंडू टाकला, तो टोपलीच्या काठावर नाचला आणि आत पडला. तेवढ्यात वेळ संपली आणि वन्संचा संघ एका गुणानं हरला.

लोक माझ्याभोवती जमले. "वा! पंच असावा तर असा! घरचं माणूससुद्धा सोडलं नाही!" मी हात जोडत होते. त्यांना वाटलं, नम्रपणा. खरं म्हणजे हात सुटे ठेवले की कापत होते.

घरी एकाच टांग्यातून जायचं होतं. वन्सं, मी आणि मध्ये छत्री. घरी बातमी आमच्याआधी पोचली होती. मामंजी भलत्या वेळी जपाला बसले होते. ह्यांचा निरोप आला होता, की होटगीला गाडी चुकली. (रेल्वेतल्या माणसाची!)

वन्संनी हातपाय धुतले आणि मला समोर उभं केलं. "टेक्निकल फाऊलचा नियम काय? म्हण."

मी चौथीतल्या मुलीसारखा घडाघडा म्हटला.

"म्हणजे मी आत यायला नको होतं."

मी नियम पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागले.

"चुकले मी," वन्सं म्हणाल्या. हे शब्द त्या घरात पूर्वी कुणी ऐकले नसावेत, कारण आतून मामंजींचा जप थांबला. "तो चेंडू मात्र आमचा होता."

"हो, वन्सं."

"हो म्हणजे? निर्णय बदलतेस?"

"नाही, वन्सं!"

"शाबास!"

मला खरं सांगून टाकायचं होतं, की शिट्टी मी वाजवली नाही, ती वाजली. मी तोंड उघडलं.

"आता आणखी काय?" वन्संनी विचारलं.

"काही नाही. भाकऱ्या टाकते."

पुढे वन्सं ज्याला त्याला कौतुकानं सांगत सुटल्या, "आमच्या सुशीलेनं सख्ख्या नणंदेला बाहेरची वाट दाखवली. ती कुणाच्या बापाला भीत नाही!" एवढ्यावर न थांबता कमिटीला जाऊन भेटल्या आणि घरी येऊन म्हणाल्या, "यापुढे सगळ्या सामन्यांना पंच तूच. मी तुझ्या वतीनं हो म्हणून आलेय."

अशी मी सोलापुरातली सर्वांत निर्भीड पंच झाले आणि कितीतरी वर्षं राहिले. कारण "मला हे जमणार नाही" एवढं वन्संना तोंडावर सांगायची हिंमत मला शेवटपर्यंत झाली नाही!