सोमवारची ट्रायल

स्कूटर घरीच उघडणाऱ्या माणसाच्या बायकोकडे किस्से मागावे लागत नाहीत. जोडणी झाल्यावर दोन-चार नट उरतात ना, तसे ते आपोआप उरतात. माझ्याकडे डबाभर आहेत. नटही आणि किस्सेही!

नव्वद सालानंतरची गोष्ट. आम्ही इंदापुरात राहायचो. हे कारखान्यात टेंपररी. यांना कायम करावं म्हणून मी माघात सोळा सोमवार धरले. नेम दोघांचा. मी उपवास करायचा, यांनी सोमवारी मासळी-मटणाला शिवायचं नाही. एक सोमवार मोडला की पुन्हा पहिल्यापासून!

यांची सुट्टी सोमवारी. आणि आमची सेकंडहँड स्कूटर बिघडायचीही सोमवारीच. मंगळवार ते रविवार शहाण्यासारखी पळायची.

* * *

पहिल्याच सोमवारी अंगणात इंजिन उघडलं, पुसलं, जोडलं. खाली एक पितळी नट उरला.

"हा कुठला हो?"

"जास्तीचा आहे. नसला तरी चालतं."

"मग करणाऱ्यानं काय शोभेला बसवला होता?"

मी तो नट धुतला, हळद-कुंकू लावून देवापुढे ठेवला. म्हटलं, महादेवा, याची जागा यांना ठाऊक नाही, तुला तरी असेल.

बुधवारी हे देवघरात हळूच काहीतरी शोधताना सापडले!

* * *

एका सोमवारी तीर्थाला पेट्रोलचा वास. शेजारचे तात्या पूजेला यायचे. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, गळ्यात तुळशीची माळ, तोंडात सदा हरिनाम. त्यांनी तीर्थ घेतलं आणि डोळेच मिटले.

"सूनबाई, आज देव लईच जागृत हाय गं. पार पोटापातुर पेटलंय!"

मला संशय आलाच. मागच्या दारी जाऊन पाहिलं, तर अभिषेकाच्या दुसऱ्या ताम्हणात कार्बोरेटर पोहत होता. आणि हे म्हणतात कसे, "मी पहिलं ताम्हण घासून परत देवापुढे ठेवलं होतं की!"

* * *

पुढचा किस्सा जरा गंभीर. दोन तास झाले, चाळीस किका झाल्या. स्कूटर आडवी करून झाली, उभी करून झाली. मी भांडी घासतानाचे राखेचे हात तसेच घेऊन गेले आणि खाली वाकून बघितलं. पेट्रोलचा कॉकच बंद!

"हा बंद कुणी केला?"

"थरथरीनं होतो कधीकधी."

"उभ्या गाडीला कसली थरथर?"

कॉक फिरवला. एका किकेत सुरू! पण यांचा चेहरा आनंदाचा नव्हता. पकडल्यासारखा होता. "आता ट्रायल घेऊन येतो," म्हणाले आणि तीन तास गेले.

* * *

ही ट्रायलच मला खुपायची. प्लग बदलला, ट्रायल. केबल बदलली, ट्रायल. आरसा पुसला तरी ट्रायल! शेवटी मी तात्यांना गाठलं.

"तात्या, तुम्ही सोबत जात जा हो. माझ्या व्रताचा प्रश्न आहे."

"सूनबाई, तू बिनघोर राहा. मी मागं बसलोय म्हंजे यो वाकड्या वाटंला जाईल व्हय?"

माळकरी माणूस पहाऱ्याला! मी निश्चिंत झाले.

तरी एक बारीकशी गोष्ट खटकली. परत आल्यावर यांच्या हातांना लिंबाचा वास. "ग्रीस लिंबानंच जातं," म्हणाले. पटलं. पण तात्या तर नुसते मागे बसलेले. त्यांच्याही हातांना लिंबाचाच वास!

"मी नट धरून हुतो की गं!"

पटलं. म्हणजे, पटवून घेतलं.

* * *

पंधराव्या सोमवारी आमचा प्लगपाना हरवला. सारखा हरवतो म्हणून मी त्याला देवाचा लाल दोरा बांधला होता. यांना माझा संशय, "देवापुढे ठेवलास ना?" मला यांचा संशय. यांना तात्यांचाही.

"मी घेतला असंल तर ह्या माळंची आण!" म्हणत तात्यांनी गळ्याकडे हात नेला आणि तसाच खाली घेतला. गळ्याला उपरणं गुंडाळलेलं, तेही वैशाखाच्या उन्हात.

"घसा धरलाय," म्हणाले.

मी बिचाऱ्यांना आठवडाभर हळदीचं दूध पोचवलं.

* * *

सोळावा सोमवार आला. पळसदेवला धरणाचं पाणी उतरून बुडालेलं महादेवाचं देऊळ उघडं पडलं होतं. म्हटलं, चुरम्याचा नैवेद्य तिथंच दाखवायचा. हे दोनदा म्हणाले, "बारामतीला जाऊ, चांगलं देऊळ आहे." मी ऐकलं नाही. तात्यांना चला म्हटलं, तर घसा!

मांडीवर चुरम्याचा डबा घेऊन निघाले. पळसदेवात शिरलो आणि स्कूटरनं दोन उचक्या देऊन मान टाकली. प्लग काळा झाला असणार. पाना नाही. समोर एक मच्छी खानावळ.

"इथं नको थांबायला," हे घाईघाईनं म्हणाले. "ढकलत नेऊ."

"एवढ्या उन्हात? सावलीला तरी घ्या."

तेवढ्यात खानावळवाला हात पुसत धावत आला.

"सायेब, थांबा, थांबा! तुमचा पाना घ्या की! गेल्या सोमवारी ताटाशेजारीच इसरला!"

त्याच्या हातात आमचा प्लगपाना. लाल दोऱ्यासकट.

मी यांच्याकडे पाहिलं. हे हेडलाइटकडे बघत होते.

खानावळवाल्यानं मला नमस्कार केला, इकडे-तिकडे पाहिलं आणि म्हणाला, "तात्या न्हाय आलं व्हय आज? त्यास्नी तेवढं सांगा, माळ हितंच ऱ्हायलीय त्यांची, आठ दिस झालं. खुंटीला जपून ठिवलीय!"