भंगारात जाणाऱ्या गाडीची दुरुस्ती

जी गाडी भंगारात घालायची ठरलीय, तिची आधी दुरुस्ती कशाला करायची? हा प्रश्न मी त्या पावसाळ्यात आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, इतक्यांदा विचारला की शेवटी मी तोंड उघडलं की ते उठून गोठ्यात जायला लागले. माझं डोकं लवकर तापतं हे सासरी पिंपरी पेंढारला सगळ्यांना माहीत आहे आणि माहेरी तर आहेच. पण त्या दिवसांत ते तापलं कमी आणि चक्रावलं जास्त.

झालं होतं असं. माझं माहेर पारगावजवळ. तिथं घरापुढं, अंगणाला लागून, आण्णांचा जुना ट्रक उभा होता, पुढं लांब नाक असलेला. आम्ही त्याला ट्रक कधी म्हटलंच नाही, ती गाडी. आण्णांनी उमेदीची सगळी वर्षं तिच्यावर काढली. हंगामात कारखान्याला ऊस, एरवी कांदा-बटाटा, आणि कुठल्या गावच्या घाटात बैलगाड्यांची शर्यत असली की शर्यतीचे बैल. मग त्यांचे गुडघे गेले, डोळ्यात मोतीबिंदू झाला आणि गाडी जी उभी राहिली ती उभीच. टायर मातीत बसले. तरी दरवर्षी खंडेनवमीला कोयते, विळे, नांगर पूजायला मांडले की त्या रांगेत हिलाही झेंडूचा हार पडायचा.

धाकटा भाऊ चाकणला कंपनीत आहे. त्याला नेमकं त्याच जागेवर घर बांधायचं होतं आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर पाया खणायचा होता. भंगारवाला म्हणाला, गाडी हलत नाही ना, मग मी गॅस कटर घेऊन दारातच येतो, तिथंच तुकडे करून नेतो. भावाला ते सोयीचं वाटलं. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घर बांध. गाडी बी दे. पर माझ्या दारात कापायची न्हाई. दसऱ्याच्या आत ती आपल्या पायानं जाईल."

भावानं मला फोन लावला. "ताई, तू तरी समजाव त्यांना. दसऱ्याला गाडी तिथंच दिसली तर मी कटर बोलावणार, सांगून ठेवतो."

मी गेले समजवायला. आण्णा ओट्यावर बसले होते, गाडीकडं तोंड करून.

"आण्णा, ते लोखंड हाय. त्याला कसले आलेत पाय?"

"तांबड्या कसा दिला व्हता, ध्यानात हाय का?"

ध्यानात कसं नसणार? तांबड्या आमचा म्हातारा बैल. त्याला दिला त्या दिवशी आईनं त्याच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, गूळ-भाकरी चारली. आण्णांनी त्याच्या गळ्यातलं दावं सोडून घेतलं आणि घेणाऱ्यानं आपलं नवं दावं बांधलं. आमच्याकडं जनावर देतात, दावं देत नाहीत. ते घरीच ठेवायचं. तांबड्याचं दावं अजून गोठ्यातल्या खुंटीला आहे.

"मग आता गाडीला भाकरी चारायची का?" मी म्हणाले.

"चारू की," आई आतून म्हणाली. "तुजं काय जातंय?"

घ्या! मी कुणाला समजवायला आले होते आणि कोण कुणाच्या बाजूचं होतं, काही कळेना. आई तर त्या गाडीला जन्मभर सवत म्हणत आली.

आण्णांनी जुन्नरहून ओळखीचा मिस्त्री बोलावला. तो मोटरसायकलवर आला, गाडीभोवती एक फेरी मारली, तिचं नाक, म्हणजे बॉनेट, उचलून इंजिनात डोकावला आणि म्हणाला, "हिचं वय झालंय, पर जीव हाय." मग केबिनचं दार उघडलं आणि दोन पावलं मागं उडाला. ड्रायव्हरच्या सीटवर आमची काळी कोंबडी अंड्यांवर बसलेली! आईनं फतवाच काढला, पिल्लं निघेपर्यंत केबिनला हात लावायचा नाही. इकडं दसरा जवळ येतोय, भाऊ कटरची धमकी देतोय, आणि आमचं काम अडलंय कशानं तर खुडूक कोंबडीनं. मी कपाळाला हात लावला. मिस्त्री बिचारा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, तवर खालचं बघतो."

खालचं काय नि वरचं काय, सगळंच बसलेलं होतं. इंजिन जाम. मिस्त्रीनं वरून आत तेल सोडलं आणि मुरत ठेवलं. ब्रेक उघडले, तर आत मुंग्यांचं वारूळ. डिझेलच्या टाकीला जागोजागी साबण थापलेला. टाकी गळाली की आण्णा आंघोळीच्या साबणाची वडी तिथं घासायचे. मिस्त्री हसला. म्हणाला, जुने ड्रायव्हर सगळेच असं करायचे. पण त्यानं पुढचा रेडिएटर उघडला तेव्हा मात्र त्यालाही काही सुधरेना. आत पिवळाजर्द चिखल. बोटानं काढला, वास घेतला, माझ्यापुढं धरला.

"ताई, हे काय हाय वो?"

मी वास घेतला. हळद! इंजिनाच्या पोटात हळद कुठून आली? मी आण्णांकडं पाहिलं. आण्णा एकदम आभाळाकडं बघायला लागले.

मग हळूहळू बाहेर आलं. रेडिएटर गळायला लागला की त्यात मूठभर हळद टाकायची, ती फुगून भोक बुजवते, ही ड्रायव्हर लोकांची युक्ती. आणि ही हळद यायची कुठून, तर आईच्या मिसळणाच्या डब्यातून. आई दारात येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग सगळंच आलं.

"आगं बाई! माझी हळद! आन् मी जन्मभर जावंला बोलले!"

खरंच बोलली होती. आमच्या चुलतीचं घर शेजारीच. डब्यातली हळद कमी दिसली की आई चुलतीवर घसरायची, आणि चुलती बिचारी देवाची शपथ घ्यायची. एकदा तर दोघी अख्खी दिवाळी बोलल्या नव्हत्या. आईनं तिथूनच हाक मारून चुलतीला बोलावलं, तो पिवळा चिखल दाखवला. दोघी आण्णांवर अशा काही तुटून पडल्या की मिस्त्रीनं चहा प्यायचं निमित्त काढून पळ काढला. मी हसून हसून खाली बसले. त्या दिवशी पहिल्यांदा मला ती गाडी बरी वाटली. का ते मात्र सांगता येणार नाही.

पुढं तर मीच त्या कामात अडकले. पंख्याचा पट्टा कुठं मिळेना म्हणून जुन्नरच्या बाजारात दुकानं पालथी घालत फिरले. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदारानं माळ्यावरून धुळीनं भरलेला पट्टा काढून दिला. खूश झाला होता.

"वा! कामाला लावताय का गाडी परत?"

"नाही. भंगारात द्यायचीय."

तो माझ्याकडं बघत राहिला. "म्हंजे चालू करून भंगारात?"

"हो."

"का पण?"

"मला काय माहीत!" मी अशी ओरडले की शेजारच्या दुकानातला माणूस बाहेर आला. पट्टा घेऊन तरातरा निघाले. एसटीत बसल्यावर मला माझाच राग आला. खरं म्हणजे मला आता भीती वाटत होती. गाडी सुरूच झाली नाही तर? अंगणात कटरच्या ठिणग्या उडतायत आणि आण्णा ओट्यावर बसून बघतायत, हे डोळ्यांपुढून जाईना. ज्या गोष्टीला मी महिनाभर खुळ म्हणत होते, ती व्हावी म्हणून मी मनातल्या मनात खंडोबाला नारळ बोलले.

पिल्लं निघाली. केबिन मोकळी झाली. नवरात्र बसलं आणि चौथ्या-पाचव्या माळेला मिस्त्री म्हणाला, आज बघू. टायर आधीच बदलून झाले होते, आता नवी बॅटरी जोडली. आण्णा वर चढले, मला म्हणाले, "ये, बस." किल्ली फिरवली. गाडी खोकली, गप्प. परत फिरवली. खोकली, गप्प. आई तुळशीपाशी हात जोडून उभी होती. तिसऱ्यांदा अख्खी केबिन हादरली, मागं काळाभोर धूर उठला आणि ती सुरू झाली. चुलती शेजारून ओरडली, "हळदीचा गुण हाय गं!" मला रडू आलं. कशासाठी, ते विचारू नका.

अंगणभर धूर झाला, कोंबड्या उधळल्या, आई बंद करा म्हणून ओरडायला लागली. आण्णा उतरून मिस्त्रीशी बोलत होते म्हणून मीच हात लांब करून किल्ली काढून घेतली. गाडी आपली सुरूच! किल्ली माझ्या हातात आणि गाडी चालू. मी घाबरून किंचाळले. आण्णा हसत हसत आले आणि स्टेअरिंगच्या खालचा एक नॉब ओढला. गाडी थांबली.

"किल्लीनं उठती ती," आण्णा म्हणाले. "झोपती नॉबनं. जुन्या गाड्यांचं असंच असतंय."

खंडेनवमीला सकाळी पूजा झाली. भाऊही आला होता. हार त्यानंच घातला. आईनं चारी बाजूंनी फिरून चाकांवर पाणी घातलं, नाकावर कुंकू लावलं आणि बंपरवर गूळ-भाकरी ठेवली. यावेळी गूळ मीच फोडून दिला होता. गाडीचे कागद कधीच संपलेले, म्हणून हमरस्ता टाळून कॅनॉलच्या कडेकडेनं न्यायची ठरली. मिस्त्री म्हणाला, मी चालवतो. आण्णांनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं. तो मोटरसायकल घेऊन पुढं झाला.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालेला म्हातारा माणूस, पण काय चालवली! बाजूनं ऊस, खाली कच्चा रस्ता. वाटेत ओळखीचं कुणी दिसलं की आण्णा हॉर्न वाजवायचे. लोक बघत राहायचे. एक जण ओरडला, "आण्णा, शर्यतीला निघाला काय?" आण्णांनी हात हलवला. मला लहानपणी त्या गाडीत कधी पुढं बसायला मिळालं नव्हतं, आम्ही पोरं मागं उसावर. आता पुढं बसले होते आणि वाटत होतं, रस्ता संपूच नये.

भंगारवाल्याच्या आवारात आण्णांनी गाडी नीट वळवून उभी केली. हँडब्रेक ओढला. किल्ली काढून खिशात टाकली आणि उतरले. गाडी सुरूच होती.

"बाबा, किल्ली द्या की," भंगारवाला म्हणाला.

"दावं देत न्हाई आमी."

त्याला काही कळलं नाही. तो कधी आण्णांकडं, कधी थरथरणाऱ्या गाडीकडं बघत राहिला. मी वरून म्हणाले, "आण्णा, बंद करा ना."

"तू कर, बाई. माझ्या हातनं न्हाई व्हायचं." आणि ते पाठ फिरवून फाटकाकडं चालायला लागले.

मी नॉब धरला. समोर काचेवर झेंडूचा हार हलत होता. चालू कशाला करायची म्हणून सगळ्यांशी भांडणारी मी, आणि आता बंद करायला माझा हात उठेना. भंगारवाला म्हणाला, "ताई, डिझेल जळतंय." मी तरी बसूनच. मग डोळे मिटले आणि ओढला.

खाली उतरून मी फाटकाशी गेले. आण्णा पाठमोरेच उभे होते, एक हात खिशावर.

"झोपली का?" त्यांनी विचारलं.

"झोपली," मी म्हणाले.