नव्या टीव्हीची पूजा

आमच्या जुन्या टीव्हीच्या पडद्यावर एक उभी हिरवी रेघ आली, तेव्हा मी मनातून खूशच झालो. नवा टीव्ही निवडायचा म्हणजे माझ्या आवडीचं काम. मी तळोज्याच्या एका कारखान्यात कंट्रोल रूममध्ये आहे. शिफ्टचे आठ तास माझ्यासमोर सहा स्क्रीन असतात. त्यामुळे स्क्रीनच्या बाबतीत घरात शेवटचा शब्द माझा, असा माझा समज आहे. बायकोचा तसा समज नाही.

मी वही काढली. सोफ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर टेपनं मोजलं. वर्तमानपत्रं कापून त्रेचाळीस, पन्नास आणि पंचावन्न इंचांचे तीन चौकोन भिंतीवर चिकटवले आणि दोन दिवस तसेच ठेवले. सुकापूरच्या आमच्या फ्लॅटचा हॉल असा, की चार माणसं बसली की पाचव्यानं दारात उभं राहायचं. बायको म्हणाली, "पंचावन्न इंची आणलास, तर आपण जिन्यात बसून बघू." आईनं मात्र मोठ्या चौकोनाकडे बघून मान डोलावली. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. चष्मा शोधत बसण्यापेक्षा टीव्हीतली माणसं मोठी असलेली बरी, असं तिचं म्हणणं.

आई मूळची मोऱ्याच्या कोळीवाड्यातली. सगळा जन्म मासळीत गेला तिचा. बाबा गेल्यावर, चार वर्षांपूर्वी, ती आमच्याकडे राहायला आली.

रविवारी तिघंही पनवेलच्या दुकानात गेलो. भिंतभर टीव्ही, आणि सगळ्यांवर समुद्राच्या तळाचं एकच दृश्य. सेल्समनची आणि माझी पॅनलवरून जुंपली होती. तेवढ्यात आई एकेका टीव्हीसमोर उभी राहून मासे बघत निघाली, बाजारात पाटीसमोर उभी राहते तशी.

"हा मासा रंगवलेला हाय," ती म्हणाली. पुढच्यासमोर गेली. "हा पन रंगवलेला." मग मधल्या एका टीव्हीपाशी थांबली. "हा बघ. हा खरा दिसतो."

सेल्समन आधी हसला, मग जरा खजील झाला. दुकानात गिऱ्हाईक ओढायला रंग मुद्दाम भडक ठेवतात आणि मधल्या टीव्हीचं सेटिंग कुणीतरी साधं करून ठेवलंय, असं त्यानं कबूल केलं. मग मी बाकीचेही साध्या रंगावर आणायला लावले. तरी आईचं बोट मधल्यावरच. माझ्या वहीत तो तिसऱ्या नंबरावर होता. माझी वही पिशवीत गेली आणि आम्ही तोच घेतला. पन्नास इंची, म्हणजे बायकोचाही मान राखला गेला.

दोन दिवसांनी कंपनीचा माणूस टीव्ही बसवायला आला. मी मुद्दाम रजा टाकली होती. भिंतीला भोकं पाडताना मी त्याच्या मागे उभा, लेव्हल लावताना मी त्याच्या शेजारी उभा. शेवटी तोच म्हणाला, "साहेब, तुम्हीच लावता का?" केबलच्या डब्याची वायर जोडली, वायफाय जोडलं, चित्र आलं. मग मी घरातल्यांना नियम सांगितले. स्क्रीनला बोट लावायचं नाही. ओलं फडकं नाही, काच पुसायचा स्प्रे तर अजिबात नाही. बंद करून, गार होऊ देऊन, मऊ कोरड्या कापडानं हलक्या हातानं पुसायचा, आणि तोही मीच पुसणार.

"टीव्ही सोवळ्यात आहे," बायकोनं जाहीर केलं.

आमच्याकडे कुठलीही नवी वस्तू आली, की आधी तिला हळदकुंकू लागतं, नारळ फुटतो, मग ती वापरायची. बाबा असताना हा मान आईचा. होडीचं इंजिन असो, फ्रिज असो की पाट्यावरवंट्याला घरातून हद्दपार करणारा मिक्सर असो, सगळ्यांना पहिलं कुंकू तिच्या बोटानं लागलं. बाबा गेल्यावर आमच्याकडे वॉशिंग मशीन आलं, तेव्हा ती स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. तिला कुणी काही म्हटलं नव्हतं. तिचं तिनंच ठरवलं होतं, आणि आम्हीही, लाज वाटते सांगायला, काही न बोलता ते चालवून घेतलं.

या वेळी, बसवणारा माणूस अजून अवजारं आवरत होता तेवढ्यात, बायकोनं ताट तयार केलं आणि सरळ आईच्या हातात दिलं. "आई, टीव्ही तुम्ही निवडलात. पूजा तुम्ही करायची."

"मी कशाला गं? तू कर."

"मी नाही करणार. तुम्ही नाही केलीत तर तसाच राहील."

आईनं एका हातानं ताट सावरत पदर सारखा केला आणि ती टीव्हीपाशी आली. तिनं बोट पाण्यात बुडवलं, कुंकवात बुडवलं आणि हात वर नेला. मला दिसलं ते फक्त ओलं लाल बोट आणि कोरा करकरीत स्क्रीन. मी झेप घेऊन तिचं मनगट पकडलं.

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. "खरं हाय तुझं," ती हळूच म्हणाली. "माझंच चुकलं." ताट टीपॉयवर ठेवून ती आत गेली. आतून भांडी घासल्याचा आवाज यायला लागला. मघाशीच घासून झालेली भांडी.

मला वाटलं, चला, स्क्रीनचं तिला पटलं. बायको माझ्याकडे वळली. "तुला कळतंय का तू काय केलंस? चार वर्षांनी त्या कुंकवाचं ताट घेऊन पुढं आल्या, आणि तू हात धरलास."

"अगं, पण कोटिंग..."

"त्यांना कोटिंग दिसलं असेल का रे?"

टीव्ही बसवणारा माणूस आपल्या बॅगेत उगाच काहीतरी शोधत होता. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी धावत आत गेलो आणि आईला समजावायला लागलो. पडद्यावर एक पातळ थर असतो, ओलं लागलं की त्याला डाग पडतो, दाबलं की आतलं बिघडतं, म्हणून धरला हात, दुसरं काही मनात नव्हतं. मी जितका बोलत गेलो, तितकी ती मान हलवत गेली. "तुझं बरोबर हाय, पोरा. मीच इसरले." हातातली कढई ती घासतच होती. तेव्हा कळलं, की हे बोलून सुटायचं नाही. आयुष्यात इतका मूर्ख मी स्वतःला कधी वाटलो नव्हतो.

मी नळ बंद केला. "आई, चल. कुंकू लाव. स्क्रीनवरच लाव, मधोमध."

"डाग पडंल ना?"

"पडू दे."

"वारंटी जाईल."

हा शब्द तिला कुठून कळला कोण जाणे. "जाऊ दे वॉरंटी," मी म्हणालो.

ती माझ्या तोंडाकडे जरा वेळ बघत राहिली. मी खरं बोलतोय का, हे मासा पारखावा तसं पारखत असावी. मग हात पुसले आणि बाहेर आली. या वेळी तिनं घाई केली नाही. आधी हळद, मग कुंकू, असं ऐन मध्यावर ठसठशीत स्वस्तिक काढलं, अक्षता टाकल्या, निरांजन ओवाळलं. दाराबाहेर नारळ फोडला आणि त्याचं पाणी ती टीव्हीवर शिंपडायला लागली.

"साहेब, पाणी!" बसवणारा माणूस कळवळला.

"शिंपडू द्या," मी म्हणालो, आणि डोळे मिटून घेतले.

खोबऱ्याचा पहिला तुकडा आईनं त्यालाच दिला. मग बायकोला मिठी मारली. मला मिठी नाही, पण खोबरं दोनदा मिळालं.

डाग पडला. मी आठवडाभर मऊ कापडानं पुसून पाहिलं, पण एक फिकट गुलाबी ठिपका राहिलाच. पडद्यावरचं माणूस ऐन मध्ये आलं, की त्याच्या कपाळावर कुंकू दिसतं. काल क्रिकेटच्या अंपायरच्या कपाळावर दिसलं. आई म्हणते, "मना तर काय दिसत नाय," आणि बायको तोंड फिरवून हसते.

परवा दुसऱ्या मजल्यावरची शेजारीण वर आली. तिनं नवी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली होती. "काकू, पूजेला खाली येता का? तुमच्याच हातानं व्हायला पाहिजे." शेजारणीला टीव्हीची गोष्ट कुणी सांगितली, हे मी विचारलं नाही. बायको एकदम कपड्यांच्या घड्या घालायला लागली होती.

आईनं कपाटातली मोरपंखी साडी काढली. नेसून, ताट घेऊन ती खाली गेली. पाच मिनिटांनी पार्किंगमधून तिची हाक आली, मोऱ्याच्या धक्क्यावरून होडीला मारावी तशी खणखणीत. सगळ्या बिल्डिंगच्या खिडक्या उघडल्या.

"अरे ए! ह्या गाडीला पन स्क्रीन हाय! लावू का?"

मी गॅलरीत धावलो आणि कठड्यावरून वाकून ओरडलो, "लाव!"