दोघींपैकी एक

गाद्या शिवणाऱ्या बाईचं खरं नाव गावात कोणालाच आठवत नसे. सगळे त्यांना दाभणबाई म्हणत. एक तर गादीचे टाके घालायचं वीतभर लांबीचं दाभण सदा त्यांच्या हातात असायचं, आणि दुसरं म्हणजे त्यांची जीभ त्याहून टोकदार होती. नवरा गेला तेव्हा त्या पस्तिशीच्या होत्या. मूलबाळ नव्हतं. नवऱ्याचं दुकान, मागची एक खोली आणि कापसाच्या तुसाने भरलेली छाती एवढं त्यांच्या वाट्याला आलं. छातीला त्या जिवापाड जपत. दुकानात कोणी खोकलं तरी तोंडाला पदर लावून दोन पावलं मागे सरत. नवरा खोकून खोकूनच गेला होता.

पन्नाशी उलटली त्या वर्षी नदीपलीकडे लढाई पेटली आणि ट्रक भरभरून पोरं अलीकडे यायला लागली. काहींचे आईबाप मेले होते, काहींचे मागे राहिले होते, काहींना काहीच सांगता येत नव्हतं. सरकारी कचेरीने त्यांना शाळेच्या सभागृहात ठेवलं आणि दाभणबाईंना चाळीस गाद्या शिवायला सांगितल्या. दाभणबाईंनी रात्रीचा दिवस करून त्या पुऱ्या केल्या. कापूस जुना होता, पण टाक्यांत कसर नव्हती.

मग एका रविवारी गावात सांगणं फिरलं की ज्याला ज्याला मूल सांभाळायचं असेल त्याने येऊन न्यावं. अख्खा गाव लोटला. पोरं भिंतीला पाठ लावून ओळीने उभी, प्रत्येकाच्या गळ्यात नंबराची चिठ्ठी. लोक भाजी निवडावी तशी निवडत होते. खाटकाने एका दांडग्या मुलाचे दंड चाचपून पाहिले. मास्तरांच्या बायकोला गोरी मुलगी हवी होती. तिने तिघींची हनुवटी वर करून पाहिली आणि चौथी नेली. एकाने विचारलं, हा रात्री अंथरूण ओलं करतो का? विचारलं त्या मुलासमोरच. मूल आठ वर्षांचं होतं, त्याला सगळं कळत होतं.

दाभणबाई मूल न्यायला आल्याच नव्हत्या. एका गादीची शिवण उसवली, असा निरोप आला म्हणून दाभण घेऊन आल्या होत्या. ती गादी एका मुलीच्या पुढ्यात होती. दहाएक वर्षांची, किडकिडीत. ती उसवलेला दोरा बोटाने आत सारून त्याला गाठ मारत होती आणि गाठ पक्की होती. दाभणबाईंनी विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? मुलगी म्हणाली, आईने, आई कपडे शिवायची. तिच्या फ्रॉकला धरून पाच वर्षांची धाकटी बहीण उभी होती. ती खोकत होती.

दाभणबाईंचे डोळे आता कमजोर झाले होते आणि सुईत दोरा ओवायलाच अर्धा दिवस जाई. ती बोटं त्यांच्या मनात भरली. त्या कारकुनाकडे गेल्या. कारकून म्हणाला, दोघी सख्ख्या बहिणी आहेत, दोघींना न्या, तुमच्याकडे गाद्यांना काय तोटा? दाभणबाई म्हणाल्या, एकच. त्याने पुन्हा विचारलं. त्या पुन्हा म्हणाल्या, एकच, मोठी. कारकुनाने वहीत काहीतरी लिहिलं.

मुलीजवळ येऊन मात्र त्या वेगळंच बोलल्या. "साहेब आज एकेकच देतायत. हिचा खोकला थांबला की चार दिवसांत हिलाही नेऊ."

"नक्की?" मुलीने विचारलं.

"मी खोटं कशाला बोलू?"

धाकटीने फ्रॉक सोडला नाही. तिथे काम करणाऱ्या एका बाईने तिची बोटं एकेक करून सोडवली. धाकटी रडली नाही. तिला वाटलं असावं, बहीण पाणी प्यायला चालली आहे.

चौथ्या दिवशी थोरलीने आठवण केली. दाभणबाई म्हणाल्या, हातातलं काम होऊ दे. सहाव्या दिवशी म्हणाल्या, उद्या. नवव्या दिवशी मुलगी सकाळपासून दारात उभी राहिली आणि जेवलीही नाही, तेव्हा कुठे त्या तिला घेऊन निघाल्या. सभागृहाचं दार सताड उघडं होतं. दोन माणसं पाणी मारून फरशी धूत होती. गाद्या बाहेर उन्हात रचल्या होत्या. न निवडलेली पोरं दोन दिवसांपूर्वीच ट्रकमधून पुढच्या छावणीत गेली, असं कळलं. कोणती छावणी, ते धुणाऱ्यांना माहीत नव्हतं. शेजारची वाणीण तिथेच उभी होती. ती हसत म्हणाली, "चला, सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा." मुलीला या म्हणीचा अर्थ कळला नाही. दाभणबाईंना कळला. त्यांना क्षणभर हलकं वाटलं, आणि पुढे त्या त्याच हलकेपणाला सर्वांत जास्त घाबरत राहिल्या.

पुढची आठ वर्षं थोरली त्यांच्याकडे राहिली. दाभणबाईंनी तिला उपाशी ठेवलं नाही, हात उगारला नाही. आपल्या ताटातलं तिच्या ताटात वाढलं. ती तापाने फणफणली तेव्हा तिच्या उशाशी बसून राहिल्या. मुलगी त्यांच्याहून सरस कारागीर झाली. तिच्या हातची गादी वर्षानुवर्षं बसायची नाही. दाभणबाईंचा तिच्यावर जीव जडला, अगदी पोटच्या पोरीसारखा. गावात त्यांचं नाव झालं. एकट्या बाईने परक्याचं लेकरू वाढवलं म्हणून लोक त्यांचं उदाहरण देत. मुलगी दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या छावणीला पत्र लिही. दाभणबाई ते स्वतः पेटीत टाकून येत, आणि उत्तर येऊ नये असं मनात म्हणत परत येत. उत्तर आलं नाही.

अठरावं लागल्यावर मुलीला स्वतःची कागदपत्रं काढायला कचेरीत जावं लागलं. तोच कारकून होता, निवृत्तीला आलेला. त्याने आजवर तिला कोणी न दाखवलेली जुनी वही काढून तिच्यापुढे सरकवली. तीत लिहिलं होतं: सख्ख्या बहिणी, दोघी देऊ केल्या, बाईंनी एकच मागितली. धाकटीच्या नावापुढे तिला घेऊन गेलेल्या ट्रकवाल्याचं नाव-गाव होतं.

मुलगी घरी आली, पिशवी भरली आणि दाभणबाईंना वहीतलं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. आवाज चढवला नाही.

दाभणबाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. त्या म्हणाल्या, "ती खोकत होती गं. मला भीती वाटली."

"तिलाही वाटत होती," मुलगी म्हणाली आणि निघून गेली.

ती परत येणार नाही, हे दाभणबाई धरूनच चालल्या होत्या. अकराव्या दिवशी ती आली. दुकानात समोरासमोर बसून तिने सगळं सांगितलं. ट्रकवाला म्हातारा झाला होता, पण त्याला सगळं लख्ख आठवत होतं. छावणीच्या फाटकावर आजारी पोर म्हणून धाकटीला आत घेईनात. माघारी फिरताना तिला रस्त्यात कुठे सोडणार, म्हणून त्याने तिला आपल्या कोटात गुंडाळून घरी नेलं. त्याच्या घरी स्वतःची चार पोरं, एकच खोली. तरी बायकोने तिला चुलीजवळ जागा केली, चमच्याने दूध पाजलं, डॉक्टरच्या दारात दोनदा जाऊन बसली. सतरा दिवसांनी धाकटी गेली. त्यांनी तिला आपल्या माणसांशेजारी पुरलं.

"ती विचारायची, ताईला कोणी नेलं," मुलगी म्हणाली. "ट्रकवाल्याची बायको म्हणायची, एका चांगल्या बाईने. मग ही म्हणायची, म्हणजे ती बाई मलाही न्यायला येईल. रोज सकाळी दाराकडे तोंड करून बसायची."

दाभणबाई वाट पाहत राहिल्या. शिव्या येतील, शाप येतील, काहीतरी येईल. मुलगी उठली, हात धुतले आणि अर्धवट राहिलेली गादी पुढ्यात ओढली.

ती पुन्हा घर सोडून गेली नाही. दाभणबाईंचे डोळे पुरते गेले तेव्हा तिने दुकान एकटीने चालवलं, त्यांना न्हाऊ घातलं, भरवलं. कधी वाकडं बोलली नाही, आणि कधी कामापलीकडे एक शब्द बोलली नाही. एकदा दाभणबाईंनी न राहवून विचारलं, तू का राहिलीस?

"कुठे जाऊ?" ती म्हणाली. "आणि मला तुम्हीच वाचवलंत, तेही खोटं नाही."

येणाऱ्या-जाणाऱ्या बायका ते भरवणं पाहून म्हणत, दाभणबाईंचं पुण्य फळाला आलं, पोटची तरी इतकं करते का! दाभणबाई मान खाली घालत. तोंडातला घास गिळायला त्यांना फार वेळ लागे, आणि मुलगी चमचा धरून तो संपेपर्यंत शांतपणे थांबे.